गेटिसबर्ग: हरलेल्या सेनापतीचा पुतळा एवढा उंच कसा?

हडसनकाठ

आईबाबा सध्या आमच्याकडे आले आहेत. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, दोन देवळं झाली. चौथ्या आठवड्यात बाबा म्हणाले, "ते गेटिसबर्ग इथून किती लांब?" त्यांनी तीस वर्षं हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवलाय. पुन्हा मॉल दाखवण्यापेक्षा हे बरं, म्हणून शनिवारी गाडी काढली.

ज्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडची गुलाम-राज्यं फुटून उत्तरेशी लढली, त्यातलं हे रणांगण म्हणजे साधी शेतं आहेत. लाकडी कुंपणं, तोफा, आणि पावलागणिक स्मारकं, तेराशेच्या वर. पश्चिमेच्या धारेवर व्हर्जिनिया राज्याचं स्मारक आहे, त्याच्या माथ्यावर घोड्यावर बसलेला दक्षिणेचा जनरल ली. समोर मैलभर मोकळं रान, आणि पलीकडच्या धारेवर उत्तरेचा जनरल मीड, तोही घोड्यावर. पण लीकडे मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, मीडपाशी तसं होत नाही.

बाबांनी विचारलं, "जिंकला कोण?" म्हटलं, मीड. "मग हरलेल्याला एवढ्या उंच कुणी नेऊन बसवला?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मीडचं नाव मलाही तिथली पाटी वाचूनच कळलं. तर जाणकारांनो, ली खरंच एवढा मोठा सेनापती होता का? आणि हे युद्ध फिरलं कुठे, गेटिसबर्गलाच का? बाबा रोज संध्याकाळी चहाबरोबर विचारतात, कुणी काही लिहिलं का.

कच्चा_लिंबू

वाचतेय. आम्हाला शाळेत "लिंकनने गुलामगिरी नष्ट केली, जागा भरा" एवढंच होतं.

दारूगोळा

बाबांना नमस्कार. चहा होईस्तोवर वाचता येईल एवढं लिहितो.

१ जुलै १८६३ला ठिणगी पडली ती ठरवून नव्हे. ब्यूफर्डचे उत्तरेचे घोडेस्वार घोड्यांवरून उतरून गावाच्या वायव्येला अडून राहिले, तोवर दोन्हीकडून पायदळ येत गेलं. संध्याकाळपर्यंत दक्षिणेनं त्यांना गावातून मागे रेटलं. पण रेटलं कुठे, तर गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर. अर्धी लढाई तिथेच ठरली. उंचवटा मीडला मिळाला, चढण लीच्या वाट्याला आली.

दुसऱ्या दिवशी मीडच्या डाव्या टोकाला, लिटल राउंड टॉपवर, मेन राज्याची २०वी पलटण होती. तिचा म्होरक्या चेंबरलेन, युद्धाआधी कॉलेजात शिकवणारा प्राध्यापक. गोळ्या संपत आल्या तेव्हा त्यानं संगिनी लावून उतारावरून खाली धावत सुटायचा हुकूम दिला आणि टेकडी राखली.

तिसरा दिवस तुम्ही पाहिलेल्या त्या मोकळ्या रानाचा. तोफांच्या तोंडी मैलभर चालत जायचं होतं, बारा हजारांवर माणसांनी. त्याला, त्यातल्या एका जनरलच्या नावानं, पिकेटचा हल्ला म्हणतात. लीच्या हाताखालचा जनरल लाँगस्ट्रीट आदल्या दिवसापासून नको नको म्हणत होता. पिकेटनं "निघू का?" विचारलं तेव्हा लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द फुटेना, त्यानं नुसती मान हलवली. निम्म्याहून अधिक माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. परतणाऱ्यांना ली स्वतः सामोरा गेला आणि चूक माझी आहे म्हणाला.

तीन दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारे ५१,००० मृत, जखमी, बेपत्ता. आणि मीडचं म्हणाल, तर तो २८ जूनला सेनापती झाला होता. नोकरीचा चौथा दिवस!

आळशी_राजे

आमच्याकडे चौथ्या दिवशी लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा मिळालेला नसतो.

तर्कटी

दारूगोळा यांनी तीन दिवस छान मांडले, पण मूळ प्रश्न लीच्या मोठेपणाचा आहे. तो मोठा होता, यात वाद नको. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८२९ साली दुसरा आला. १८६१च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या फौजेचं नेतृत्व आधी त्यालाच देऊ केलं होतं, ते नाकारून तो व्हर्जिनियाकडे गेला. मे १८६३मध्ये चॅन्सलर्सव्हिलला दुपटीहून मोठी फौज समोर असताना यानं आपली फौज आणखी तोडली, आपल्या जनरल जॅक्सनला लांबून वळसा घालून उत्तरेच्या हूकरच्या बगलेत घुसवलं आणि मैदान मारलं. आजही लष्करी शाळांत हे शिकवतात.

त्याच संध्याकाळी अंधारात जॅक्सनला स्वतःच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या. डावा हात कापावा लागला, आठ दिवसांनी तो गेला. कापलेला हात वेगळ्या ठिकाणी पुरलाय. जॅक्सन असता तर गेटिसबर्गच्या पहिल्या संध्याकाळी त्या टेकड्या घेतल्या असत्या, असं व्हर्जिनियात अजून बोलतात.

पर्वतीवरून

हा "असता तर" ओळखीचा वाटला का कुणाला? मल्हारराव थांबले असते तर, गारदी हटले नसते तर, विश्वासरावांना गोळी लागली नसती तर... पानिपत १७६१चं, यांचं युद्ध १८६१ला सुरू. शंभर वर्षांच्या फरकानं दोन समाजांनी तोच खेळ मांडलाय.

आळशी_राजे

आला! विसाव्या प्रतिसादाच्या आत पानिपत आलं. पैज जिंकलो, मिसळ कुणाकडे लागू?

वऱ्हाडी_ठेचा

काहून बाप्पा सगळे व्हर्जिनियातच अडकून बसले? ली, जॅक्सन, गेटिसबर्ग, सगळं वॉशिंग्टन आणि रिचमंड या दोन राजधान्यांच्या आसपास. वार्ताहर तिथे होते म्हणून नाव तिथलं झालं. युद्ध फिरलं मिसिसिपी नदीवर.

गेटिसबर्ग संपलं ३ जुलैला. ४ जुलैला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, विक्सबर्ग उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण आलं. हे गाव नदीच्या वळणावर उंच कड्यावर, खाली तोफांचा मारा. ग्रँट महिनोन् महिने दलदलीतून वाटा शोधत बसला, कालवे खणून पाहिले, सगळं फसलं. शेवटी एप्रिलमध्ये त्यानं रात्रीच्या अंधारात जहाजं त्या तोफांखालून दामटली, गावाच्या खाली नदी ओलांडली आणि रसद मागे सोडून मुलखात घुसला. शत्रूच्या दोन फौजा एक होऊ दिल्या नाहीत, आणि मग वेढा. ४७ दिवस. गावातले लोक टेकडीत गुहा खोदून राहिले, खेचराचं मांस खाल्लं. सुमारे ३०,००० सैनिक शरण आले. नदी हातची गेली आणि टेक्सास, आर्कान्सा, लुइझियाना बाकी दक्षिणेपासून तुटले. ली एक लढाई हरून घरी गेला. इथं तर सगळी फौजच गेली.

गंमत म्हणजे विक्सबर्ग लढवणारा पेंबर्टन मूळचा फिलाडेल्फियाचा, पक्का उत्तरेचा. बायको व्हर्जिनियाची. माणूस सासुरवाडीसाठी लढला.

साळुंकी

@वऱ्हाडी_ठेचा, उलटंही आहे. जॉर्ज थॉमस व्हर्जिनियाचा, पण उत्तरेकडे राहिला. त्याच्या बहिणींनी घरातली त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असं सांगतात. सप्टेंबर १८६३मध्ये चिकमॉगाला सगळी फौज पळत असताना हा खडकासारखा उभा राहिला. त्याचा पुतळा कुणी बघायला जात नाही. यादवी म्हणतात ती हीच.

माझा बाळबोध प्रश्न: आपला ग्रँट रोड या ग्रँटच्या नावाचा का?

तर्कटी

नाही. तो सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर. युलिसिस ग्रँट तेव्हा शाळकरी पोर होता.

साळुंकी

बरं झालं विचारलं. मी मैत्रिणीला ठामपणे सांगून बसले होते.

दारूगोळा

पण हा ग्रँट मुंबईत येऊन गेलाय बरं का. दोनदा राष्ट्राध्यक्ष होऊन निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन जगप्रवासाला निघाला, तेव्हा फेब्रुवारी १८७९मध्ये मुंबईत उतरला होता.

वऱ्हाडी_ठेचा यांच्याशी मी बराचसा सहमत. ग्रँट हा माणूसच पुतळ्याच्या लायकीचा दिसत नसे. वेस्ट पॉइंटला ३९ जणांत २१वा. फौज सोडली, शेती बुडाली, सेंट लुइसच्या रस्त्यावर सरपण विकलं, शेवटी बापाच्या चामड्याच्या दुकानात नोकरी. १८६१ला वय ३९. तीन वर्षांत तो उत्तरेचा सरसेनापती झाला. त्याच्याआधी पूर्वेकडे लिंकननं मॅकडॉवेल, मॅक्लेलन, पोप, पुन्हा मॅक्लेलन, बर्नसाइड, हूकर, मीड एवढे करून पाहिले.

आळशी_राजे

बर्नसाइडचं एक काम टिकलं. गालांवरच्या भरघोस कल्ल्यांना इंग्रजीत साइडबर्न म्हणतात ते त्याच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून. फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत माणसं मारून घेतली, पण न्हाव्याच्या दुकानात अजरामर झाला.

कच्चा_लिंबू

मॅक्लेलन दोनदा? एकदा काढल्यावर पुन्हा का घेतला?

दारूगोळा

कारण फौज उभी करावी ती त्यानंच. शिपायांचा लाडका. फक्त लढायचं नाव काढलं की त्याला समोरचे दुप्पट दिसायचे. १७ सप्टेंबर १८६२ची अँटिटमची लढाई घ्या. आधी काही दिवस लीच्या सगळ्या हालचालींचा लेखी हुकूम त्याच्या हाती पडला होता, तीन सिगारींना गुंडाळलेला, एका शिपायाला गवतात सापडलेला. शत्रूचा कागद हातात असूनही हा रेंगाळला. एका दिवसात सुमारे २३,००० मृत-जखमी-बेपत्ता. त्या देशाच्या इतिहासात एका दिवसात एवढे कधी पडले नाहीत. ली मागे गेला, मॅक्लेलननं पाठलाग केला नाही. पण तेवढ्या अर्ध्यामुर्ध्या विजयावर लिंकननं पाच दिवसांत मुक्तीचा जाहीरनामा काढला. १ जानेवारी १८६३पासून बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त. तोवर इंग्लंड दक्षिणेला मान्यता द्यायच्या विचारात होतं. गुलामगिरीविरुद्धच्या युद्धात गुलाम राखणाऱ्यांची बाजू कशी घेणार? मला विचाराल तर युद्ध फिरलं ते अँटिटमला.

भूमिपुत्र७१

सगळे एकाच बाजूनं लिहिताहेत म्हणून. दक्षिणेचा लढा राज्यांच्या हक्कांसाठी होता. गुलामगिरी हे नंतर चिकटवलेलं कारण. लिंकननं स्वतःच आधी म्हटलं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे तो हात लावणार नाही.

खडूफळा

लिंकनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्याचा जाहीरनामा केंटकी, मिझुरी, मेरीलँड, डेलावेअर या उत्तरेकडे राहिलेल्या गुलाम-राज्यांना लागूही नव्हता. सगळीकडची गुलामगिरी कायद्यानं संपली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं. उत्तर युद्धात उतरली ती संघराज्य टिकवायला, हे मान्य.

पण दक्षिण का फुटली? ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीनं फुटताना जे निवेदन काढलं त्यात पहिल्या काही ओळींतच आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे. फुटलेल्या दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स मार्च १८६१मध्ये सव्हानात भाषण करताना म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला आहे. आणि राज्यांच्या हक्कांचं म्हणाल, तर पळालेला गुलाम उत्तरेतल्या राज्यांनी मुकाट परत द्यावा असा केंद्राचा १८५०चा कायदा यांनाच हवा होता. तेव्हा उत्तरेतल्या राज्यांचे हक्क कुठे गेले होते?

४० लाखांच्या आसपास माणसं मालमत्ता म्हणून नोंदलेली होती. ती काढून घ्या आणि सांगा, भांडण उरतं का.

भूमिपुत्र७१

मुद्दा घेतला. मिसिसिपीचं निवेदन वाचलं नव्हतं, शोधून वाचतो.

आळशी_राजे

आंतरजालावर कुणीतरी "मुद्दा घेतला" म्हणालं! या धाग्याचाच पुतळा उभारा.

ओवी

खडूफळा +१. आणि या सगळ्या यादीत काळे सैनिक अजून आलेच नाहीत. सुमारे १,८०,००० लढले. मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीनं १८ जुलै १८६३ला वॅग्नर किल्ल्यावर हल्ला केला, म्हणजे गेटिसबर्गनंतर पंधरा दिवसांनी. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातूनही ३ कपड्यांचे कापून. त्यांनी पगारच घेतला नाही. फुकट लढू, पण कमी पैशात नाही. १८६४मध्ये सरकारला समान पगार द्यावा लागला.

दुसरा माझा आवडता, रॉबर्ट स्मॉल्स. चार्ल्स्टन बंदरात गुलाम म्हणून जहाज हाकायचा. मे १८६२च्या एका पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना यानं कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, बायकामुलांना जहाजात घेतलं, प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना बरोब्बर खुणेचा भोंगा वाजवला आणि जहाज उत्तरेच्या आरमाराला नेऊन दिलं. पुढे अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये, निवडून गेला.

आपल्याकडे हे युद्ध सगळ्यात आधी नीट कुणी वाचलं असेल तर जोतीराव फुल्यांनी. १८७३ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली आहे, गुलामांना मुक्त केलं म्हणून. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माणसाला या युद्धात ली दिसला नाही, जॅक्सन दिसला नाही. त्याला सुटलेली माणसं दिसली, आणि आपल्याकडचे शूद्रातिशूद्र कधी सुटणार हा प्रश्न दिसला.

हडसनकाठ

ओवी, हा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. गप्प बसले. मग म्हणाले, "अर्पणपत्रिका मी वर्गात सांगायचो. पण हे मैदान आणि ते पान कधी जोडलं नव्हतं."

वऱ्हाडी_ठेचा

जोडायचंच तर कापूसही जोडा. दक्षिणेचा सगळा भरवसा कापसावर. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून जायचा. १८६१ला त्यांनी आपणहून माल अडवून धरला, इंग्लंड गुडघ्यावर येईल म्हणून. इंग्लंडच्या गोदामांत आधीच्या भरघोस पिकांचा साठा होता, आणि मग ते वळले इजिप्तकडे, आपल्याकडे. तोवर लिंकनच्या नाकेबंदीनं दक्षिणेचं दार बाहेरून बंद केलं. स्वतः लावलेली कडी उघडायला गेले तर पलीकडून कुलूप.

मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला म्हणतात. व्यापारी प्रेमचंद रायचंद राजा झाला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या वर गेला. एप्रिल १८६५मध्ये लीनं ग्रँटपुढे शरणागती पत्करली आणि मुंबईचा फुगा फुटला. १ जुलै १८६५ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. राजाबाई टॉवर त्याच पैशाचा, प्रेमचंदच्या आईच्या नावानं.

आणि आमचा वऱ्हाड? नागपूरपर्यंत रेल्वे पोचली १८६७ला. तोवर युद्ध संपून भाव बसले होते. शेतकऱ्यानं ज्वारी काढून कापूस पेरला होता, तो तसाच राहिला. आमच्याकडे व्हर्जिनियातल्या सरदाराचं शौर्य कुणी सांगत नाही. तो लवकर हरला म्हणून आमचे भाव पडले, एवढंच नातं.

आळशी_राजे

कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?

तर्कटी

"सांगू" काय म्हणतोस, सांग! (चुकलोच.)

रिचमंडकर

उशिरा आलो. मी इथे वीस वर्षं आहे, तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण आमच्या गावात असा पुतळा होता आणि आता नाही.

रिचमंड ही दक्षिणेची राजधानी. इथल्या मॉन्युमेंट अॅव्हेन्यूवरचा लीचा पुतळा १८९०चा, म्हणजे हरल्यावर पंचवीस वर्षांनी. तुम्ही पाहिलेलं गेटिसबर्गचं स्मारक १९१७चं. पुतळे पराभवाच्या दिवशी उभे राहत नाहीत. मधल्या काळात गोरे पुढारी दक्षिणेत पुन्हा सत्तेवर आले, काळ्यांचं मतदान कायद्यानं आणि दहशतीनं काढून घेतलं, शाळा-रेल्वेचे डबे वेगळे केले. त्या राज्याला एक असा पूर्वज हवा होता ज्याच्याकडे बघताना गुलाम आठवणार नाहीत. ली सोयीचा होता. देखणा, अबोल, सज्जन, घोड्यावर शोभणारा. मग गोष्ट अशी झाली की आम्ही शौर्यात कमी पडलो नाही, संख्येत पडलो. ग्रँट कसाई, ली संत. ग्रँटनं कोल्ड हार्बरच्या लढाईत माणसं फुकट घालवली हे खरं, आणि त्यानं ते आत्मचरित्रात कबूलही केलं. पण पिकेटच्या हल्ल्याला कुणी कसाईपणा म्हणत नाही, त्याला शौर्यगाथा म्हणतात.

एक आणखी. लाँगस्ट्रीट, ज्यानं नको म्हटलं होतं, तो युद्धानंतर ग्रँटच्या पक्षात गेला आणि काळ्यांच्या मताधिकाराच्या बाजूनं उभा राहिला. मग गेटिसबर्गचं सगळं खापर त्याच्यावर फुटलं. लीनं स्वतः "चूक माझी" म्हटलेलं असताना! गेटिसबर्गला लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला १९९८ला. झाडीत, जमिनीलगत, चौथऱ्याशिवाय. तो पाहिलात का?

आमचा लीचा पुतळा सप्टेंबर २०२१मध्ये उतरवला. मी बघायला गेलो होतो. क्रेननं उचलला तेव्हा कुणी रडत होतं, कुणी गात होतं, आणि माझी मुलगी मला विचारत होती की घोड्याचं काय करणार.

पर्वतीवरून

रिचमंडकर, सलाम. वर पानिपताची गंमत केली, पण तुमचं वाचून खटकलं ते असं: आपणही पानिपताचे पोवाडे गातो, पण दहाच वर्षांनी महादजी दिल्लीत पोचले, ते किती जणांना ठाऊक असतं? जिंकण्यात रसद, हिशेब, चिवटपणा असतो. त्याचा पोवाडा जमत नाही.

दारूगोळा

म्हणूनच उत्तरेच्या जनरल शर्मनचा पोवाडा नाही. सप्टेंबर १८६४ला अटलांटा घेतलं, तेव्हा कुठे लिंकनची निवडणूक वाचली, समोर उमेदवार कोण तर आपला मॅक्लेलन! मग ६०,००० माणसं घेऊन समुद्रापर्यंत चालत गेला, वाटेत कोठारं जाळत आणि रेल्वेचे रूळ तापवून झाडांना गुंडाळत. सव्हाना घेतलं आणि लिंकनला तार केली, नाताळची भेट म्हणून.

आळशी_राजे

माझा नायक विल्मर मॅक्लीन. हा मनॅससचा गृहस्थ. जुलै १८६१च्या पहिल्या मोठ्या लढाईत त्याच्या घराचं दक्षिणेनं ठाणं केलं, स्वयंपाकघरात तोफगोळा आला. नको ही कटकट म्हणून तो लांब आडगावात राहायला गेला. गावाचं नाव अॅपोमॅटॉक्स. ९ एप्रिल १८६५ला ली आणि ग्रँट शरणागतीची सही करायला कुणाच्या दिवाणखान्यात आले? मॅक्लीनच्या! वर अधिकारी टेबलखुर्च्याही आठवण म्हणून उचलून घेऊन गेले. पुण्यात बदली टाळायला कोथरूडहून वाघोलीला गेलेला माझा मेव्हणा आठवला.

कच्चा_लिंबू

त्या सहीनंतर लीला अटक?

दारूगोळा

नाही. ग्रँटनं शिपायांना घोडे-खेचरं घरी न्यायला दिली, पेरणीचे दिवस होते. लीच्या उपाशी फौजेला २५,००० माणसांचा शिधा दिला. आपल्या तोफा आनंदानं उडत होत्या त्या थांबवल्या. पाच दिवसांनी लिंकनला गोळी लागली. एकूण मेलेले ६,२०,००० धरतात, नवा अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातो. त्यातले दोन-तृतीयांश रोगानं, हगवणीनं.

हडसनकाठ

सगळ्यांचे आभार. बाबांनी अख्खा धागा छापून घ्यायला लावला, लाल पेनानं खुणा केल्यात. तर्कटींना शेरा आहे: "अभ्यास चांगला, पण ग्रँटवर एक ओळ तरी हवी होती." लाँगस्ट्रीट आम्ही पाहिला नाही, पुढून गाडी नेली असणार. आता त्यांनी विक्सबर्गची टूम काढली आहे. नकाशात पाहिलं, गाडीनं अठरा-एकोणीस तास. मी रजेचा अर्ज टाकलेला नाही, टाकणारही नाही.

आईला मात्र त्या दिवशीचं एकच लक्षात राहिलंय. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की लढाईत गावातली एकच व्यक्ती मेली, जेनी वेड, वीस वर्षांची. पावाची कणीक मळत होती, गोळी दोन दारं फोडून आली. आई काल पोळ्या करताना म्हणाली, "तेराशे दगड दाखवलेत, तिचा कुठं होता?"

रिचमंडकर

आहे. बहिणीचं ते घर बाल्टिमोर स्ट्रीटवर जपून ठेवलंय, दारातलं भोकही आहे. आणि एव्हरग्रीन स्मशानात तिची कबर आहे, पुतळा आहे, तिथे झेंडा रात्रीही उतरवत नाहीत. लिंकननं भाषण केलं त्या स्मशानाला लागूनच.

कच्चा_लिंबू

आम्ही ऑक्टोबरात जातोय. रणांगणावर जायला तिकीट लागतं का? आणि सासूबाईंना चालायला किती आहे?

हडसनकाठ

रणांगण फुकट, संग्रहालयाला तिकीट. सगळं गाडीतून फिरता येतं. लिटल राउंड टॉपला थोडं चढायचंय, काठी घ्या. डबा बरोबर ठेवा.